रंगूनचे पहिले सहा महिने : जडसनबाईंच्या पत्रांविषयी

मिशनऱ्यांची चरित्रे आपल्याकडे बहुधा शेवटाकडून वाचली जातात. ॲडोनायरम जडसन हे नाव निघाले की जाणकार वाचकाला प्रथम आठवतो तो ब्रह्मदेशातील आवा येथला तुरुंग. पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाच्या वेळी, १८२४ साली, हेर असल्याच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आले. सुमारे दीड वर्ष ते कैदेत होते आणि त्यांच्या पत्नीने बायबलच्या भाषांतराचे हस्तलिखित उशीत लपवून वाचवले. त्यानंतर आठवते ते १८३४ साली पुरे झालेले ब्रह्मी बायबल. प्रवचनात दृष्टान्त म्हणून हे प्रसंग फार उपयोगी पडतात. आम्हीही ते वापरले आहेत. परंतु जडसन दांपत्याविषयी जे साहित्य उपलब्ध आहे त्यात वाङ्मय म्हणून सकस भाग कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही तुरुंगाची पाने क्षणभर बाजूला ठेवू आणि जुलै ते डिसेंबर १८१३ या सहा महिन्यांचा मजकूर पुढे करू. त्या सहा महिन्यांत सांगण्यासारखे काहीच घडत नाही. कोणी बंदिवासात जात नाही, कोणाचा बाप्तिस्मा होत नाही. पहिला ब्रह्मी विश्वासी मिळायला १८१९ चा जून उजाडला. एक तरुण ख्रिस्ती जोडपे परक्या बंदरात उतरते, घर मांडते, काय शिजवायचे ते ठरवते आणि बोलायला शिकते, एवढेच.

ही पत्रे आपल्या हाती आली कशी, ते आधी सांगितले पाहिजे, कारण ती कशी वाचावीत हे त्यावरच अवलंबून आहे. श्रीमती ॲन जडसन यांचे स्वतःचे पुस्तक १८२३ साली लंडनला निघाले. एका सद्गृहस्थाला लिहिलेल्या पत्रांचे रूप त्यांनी त्याला दिले होते आणि आपल्या जुन्या पत्रांतला व रोजनिशीतला मजकूर त्यात घेतला होता. १८२६ च्या ऑक्टोबरात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्या ब्रह्मदेशातच वारल्या. तीन वर्षांनी जेम्स नोल्स यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ॲडोनायरम यांचे मोठे दोन खंडी चरित्र फ्रान्सिस वेलंड यांनी १८५३ साली लिहिले. मात्र जे छापले गेले त्यापेक्षा जे नाहीसे झाले ते अधिक बोलके आहे. युद्ध सुरू होऊन नवऱ्याला पकडून नेले त्या दिवशी बाईंनी आपली सगळी पत्रे, रोजनिशा, टिपणे नष्ट केली. इंग्रजांशी पत्रव्यवहार होता असे त्यांवरून ठरेल, ही भीती. ॲडोनायरम यांनी तर आपले खाजगी कागद राहू नयेत अशीच इच्छा बाळगली आणि ती बरीचशी अमलात आणली. म्हणजे घरात होते ते गेले, आणि समुद्रापलीकडे धाडले होते तेवढे राहिले. आज आपण वाचतो ती सगळी ‘घरी पाठवलेली’ पत्रे आहेत, आणि तीही अशी की जी अमेरिकेतील मिशनच्या मासिकांत छापली जाणार हे लिहिणारीला ठाऊक होते. आईच्या मांडीवर उघडलेले पत्र पुढे छापखान्यात जाणार, देणगीदार ते चष्मा लावून वाचणार. अशा पत्रात माणूस किती खरे लिहील?

जडसनबाईंनी पुष्कळ खरे लिहिले. आम्हांला त्यांचे महत्त्व वाटते ते यासाठी.

त्यांच्या प्रवासाची हकीकत थोडक्यात सांगतो. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी त्यांचा विवाह झाला, दुसऱ्या दिवशी सेलम येथे ॲडोनायरम यांची इतर चौघांबरोबर धर्मसेवेसाठी नेमणूक झाली आणि १९ तारखेला ‘कॅराव्हॅन’ नावाच्या जहाजातून ती दोघे निघाली. चौदा दिवसांचा संसार. त्या पाच तरुणांपैकी दोघांशी आपले मराठी नाते आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दुसऱ्या जहाजाने निघून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. त्या मिशनने १८२६ साली मुंबईत मराठी नवा करार छापून काढला आणि त्याच मिशनमध्ये १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. हॉलसाहेबांचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे. नॉट यांच्या पत्नी रॉक्साना यांनी त्याच १८१३ साली मुंबईत संसार मांडला होता. त्यांचे नाव मात्र आपल्या घरांत कोणाला सांगता येणार नाही.

जडसनांच्या जहाजावर आणखी एक जोडपे होते, सॅम्युएल व हॅरिएट न्यूएल. हॅरिएट ही ॲनची मैत्रीण. कंपनी सरकारने या मंडळींना कलकत्त्यात राहू दिले नाही, आणि मॉरिशसला जाताना समुद्रावर हॅरिएटला मूल झाले ते दगावले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तीही गेली. वय एकोणीस. १८१४ साली तिच्या आठवणींचे पुस्तक निघाले आणि अमेरिकेतील घराघरांत ते रडत रडत वाचले गेले. आम्हांला त्या मुलीविषयी अनादर मुळीच नाही, पण त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेविषयी एक शंका येते. वाचकांना अशीच नायिका हवी असते. मरण पावलेल्या नायिकेला बाजारहाट करावा लागत नाही, मोलकरणीशी घासाघीस करावी लागत नाही, तिला कंटाळा येत नाही. ॲन जगली. त्यामुळे तिला हे सगळे करावे लागले, आणि लिहावे लागले.

मधल्या काळात आणखी एक उलथापालथ झाली होती. जहाजावरच्या अभ्यासातून जडसन यांची बाप्तिस्म्याविषयीची मते बदलली आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात दोघांनी बॅप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. आम्हा कॅथलिकांना स्नानसंस्कार पुन्हा घेता येत नाही, म्हणून या वादात आम्ही शिरत नाही. संसाराच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की ज्या मंडळाने त्यांना पाठवले त्याचा आधार सुटला आणि ज्यांच्यात ते गेले त्यांची मिशन संस्था अमेरिकेत अजून जन्मलीच नव्हती. ती १८१४ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला स्थापन झाली. रंगूनला उतरताना या दोघांना आपल्या पाठीशी कोण आहे, कोणी आहे की नाही, हे सांगता आले नसते.

मद्रासहून २२ जून १८१३ रोजी ती दोघे ‘जॉर्जियाना’ नावाच्या जुनाट जहाजात बसली. सोबतीला घेतलेली युरोपियन दाई जहाज निघताच कोसळून मेली. बाईंचे दिवस भरत आले होते. वाटेत, भर समुद्रात, त्यांचे पहिले मूल मृत जन्मले. १३ जुलै रोजी जहाज रंगूनला लागले तेव्हा त्यांना उभेही राहवत नव्हते. नवरा किनाऱ्यावर जाऊन गाव पाहून आला, आणि ती संध्याकाळ दोघांनी कशी काढली ते बाईंनी झाकून ठेवलेले नाही. एवढी उदास आणि जड संध्याकाळ आपल्या वाट्याला कधी आली नव्हती, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय आहे. वय वर्षे तेवीस. देणगीदारांच्या मासिकात जाणाऱ्या पत्रात एखाद्या मिशनऱ्याच्या बायकोने, ज्या देशासाठी आपण घरदार सोडले तो पाहून आपले मन खचले, असे लिहावे, याला धैर्य लागते. तुरुंगापुढे चालत जाण्याचे धैर्य निराळे, हे निराळे.

दुसऱ्या दिवशी त्यांना एका आरामखुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू लावून, माणसांच्या खांद्यावरून किनाऱ्यावर नेले. सावलीत खुर्ची टेकवताच भोवती बायकांची गर्दी जमली. गोरी बाई त्यांनी क्वचितच पाहिलेली. आजारपणामुळे बाईंची मान खाली होती, म्हणून बायका वाकून वाकून टोपीखालचा चेहरा पाहू लागल्या. बाईंनी मान वर केली आणि त्या हसल्या. बायका खदखदून हसल्या. हा प्रसंग त्यांनी चारसहा ओळींत उरकला आहे, पण संपूर्ण मजकुरात आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. आदल्या संध्याकाळी ज्या देशाने रडवले त्याच देशाच्या बायकांनी दुसऱ्या दिवशी हसवले. दोन्ही गोष्टी त्या लिहितात आणि एकीने दुसरी खोडून काढत नाहीत.

घर मिळाले ते इंग्रज बॅप्टिस्टांच्या मिशनचे, सागवानी, प्रशस्त, पण गावाच्या तटाबाहेर, वधस्थानाच्या आणि मुडदे जाळण्याच्या जागेच्या जवळ. चोरांच्या भीतीने १८१४ च्या जानेवारीत त्यांना तटाच्या आत राहायला यावे लागले. खाण्याविषयी बाईंनी सविस्तर लिहिले आहे : पाव नाही, लोणी नाही, चीज नाही, बटाटे नाहीत, आहे तो भात, कोंबडीची आमटी आणि काकडी घालून शिजवलेली कोंबडी. आमच्या वसईकडच्या वाचकांना यात दुःख ते कोणते, असा प्रश्न पडेल. रोज कोंबडी मिळत असेल तर आम्हीही रंगूनला जाऊ, असे कोणी म्हणेल! पण थोडे थांबावे. माणसाला परकेपणा प्रथम जिभेला कळतो. आपल्या मुली परदेशी गेल्यावर पहिल्या फोनात तांदूळ कोणता मिळतो ते सांगतात, चर्च किती लांब आहे ते नंतर. त्यात काही पाप नाही.

असे उणे सांगून झाले की पाठोपाठ देवाच्या उपकारांचे स्मरण येते. नव्या पद्धतीचे समीक्षक अशा ठिकाणी म्हणतात की खरी भावना आधी उमटली आणि मग तिच्यावर धार्मिक गिलावा दिला गेला. हे आम्हांला पटत नाही. स्तोत्रसंहिता ज्याने रोज म्हटली आहे त्याला ही चाल ओळखीची आहे. तेराव्या स्तोत्रात आधी गाऱ्हाणे आहे, मग विश्वास आहे, आणि गाऱ्हाणे पुसलेले नाही. ज्या पत्रात उपकारस्मरण आहे आणि गाऱ्हाणे नाही, त्याच्याविषयी शंका घ्यावी. जडसनबाईंच्या पत्रांत दोन्ही आहेत.

भाषेचा भाग तर प्रत्येक मिशनऱ्याने, किंबहुना परदेशी जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याने, वाचावा असा आहे. हाताशी धड व्याकरण नव्हते. फीलिक्स केरी यांचे ब्रह्मी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले ते पुढच्या वर्षी, १८१४ साली. रोममध्ये आपल्या कॅथलिक मिशनऱ्यांच्या उद्योगातून १७७६ सालीच ब्रह्मी लिपीचे पुस्तक छापले होते, पण ते रोममध्ये. येथे ताडपत्रावर ओरखडल्यासारखी गोल अक्षरे, शब्दाशब्दांत अंतर नाही, आणि शिकवणाऱ्या पंडिताला यांची भाषा येत नाही. एखाद्या वस्तूकडे बोट दाखवावे आणि तो म्हणेल ते लिहून घ्यावे. बाईमाणसाला शिकवणे पंडिताला प्रथम कमीपणाचे वाटले. बाईंनी चिकाटी सोडली नाही तेव्हा त्याचा सूर बदलला. ॲडोनायरम दिवसभर पोथ्यांवर वाकलेले. त्यांच्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये म्हणून घराचा सगळा कारभार बाईंनी अंगावर घेतला. आणि मग त्यांच्या ध्यानात एक गंमत आली. ज्या कामापायी आपला अभ्यास बुडेल असे वाटत होते त्याच कामाने भाषा आली. नोकरांना सांगायचे, बाजारातल्या माणसाशी बोलायचे, शेजारणीला उत्तर द्यायचे, तर ब्रह्मी बोलण्याशिवाय गत्यंतर नव्हते. पुढे त्यांनी स्पष्टच लिहिले की बोलणे आणि समजणे यांत मी नवऱ्याच्या पुढे आहे, भाषेची घडण त्याला अधिक कळते.

नोल्स आणि वेलंड हे दोघेही या विधानाजवळून फार घाईने पुढे जातात, असे आम्हांला वाटते. वास्तविक १८३४ च्या बायबलचे मूळ काही अंशी या स्वयंपाकघरात आहे. भाषांतरकाराला शास्त्राची भाषा लागते तशी भाकरीची, मिठाची, दिव्याची आणि झाडणीचीही लागते; येशूचे दाखले याच वस्तूंचे आहेत. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले. पुढे ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांना जी मराठी साधली ती केवळ पोथ्यांतून आली नसणार, हे ते वाचणाऱ्या कोणालाही जाणवेल. फादर एकटे होते. त्यांच्यासाठी ही भाषा कोणकोणत्या घरांतून आली त्याची नोंद नाही. जडसनांच्या बाबतीत नोंद आहे, कारण ती ठेवणारी घरात होती.

आता एका उणिवेविषयी लिहिले पाहिजे. रंगूनच्या मिशनघरात या दोघांचे स्वागत करायला स्वतः फीलिक्स केरी नव्हते. विख्यात विल्यम केरी यांचे हे चिरंजीव राजाच्या आज्ञेवरून आव्याला गेले होते. घरी होती त्यांची पत्नी. ती त्याच देशात जन्मलेली, पोर्तुगीज वंशाची. इंग्रजी तिला फारसे येत नसे. या बाईने आजारी पाहुणीला घरात घेतले. मृत बाळंतपणातून उठलेल्या स्त्रीला पहिले काही दिवस कोणीतरी गरम पाणी दिले असेल, खायला दिले असेल. ते ज्या घरात घडले त्याची ती मालकीण. आणि छापील मजकुरात तिच्या वाट्याला काय येते? मिसेस केरी, एवढे संबोधन आणि एकदोन वाक्ये. १८१४ च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याबरोबर आव्याला जाताना नौका उलटून ती आणि तिची दोन मुले इरावतीत बुडाली. ज्या लेखणीने टोपीखाली डोकावणाऱ्या अनोळखी बायका जिवंत केल्या, तिने या गृहिणीला चेहरा दिला नाही. भाषेची अडचण होती, हे खरे. पण आमचा असा संशय आहे की ती बाई अमेरिकन वाचकाच्या कोणत्याच चौकटीत बसत नव्हती. ती मूर्तिपूजक नव्हती, म्हणून जिंकायची नव्हती. आणि गोऱ्या मिशनरी भगिनींसारखी नव्हती, म्हणून तिचा गौरवही करायचा नव्हता.

याच चौकटीमुळे आणखी एक गोष्ट दृष्टिआड झाली. ब्रह्मदेश म्हणजे ख्रिस्ताचे नाव न पोहोचलेला संपूर्ण अंधार, असे चित्र ही चरित्रे रंगवतात. रंगूनच्या समोर, नदीपलीकडे, सिरियम आहे. तेथे पोर्तुगीज फिलिपे द ब्रितो याने सत्ता मांडली होती. त्याची पत्नी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या नात्यातली. १६१३ साली, म्हणजे जडसन उतरले त्याच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, ब्रह्मी राजाने सिरियम घेतले, ब्रितोला ठार केले आणि त्याच्या लोकांना आत उत्तरेकडे नेऊन वसवले. त्यांचे वंशज कॅथलिक राहिले. अठराव्या शतकात बार्नबाईट संघाचे धर्मगुरू तेथे काम करीत होते आणि त्यांतील फादर सांजेर्मानो यांचे त्या देशावरचे पुस्तक १८३३ साली रोमला प्रसिद्ध झाले. ब्रितो काही संत नव्हता, त्याच्या लुटारूपणाची बाजू घेण्याचे कारण नाही. पण दोनशे वर्षांची एक गरीब ख्रिस्ती वस्ती हिशेबातच धरू नये, हे इतिहासलेखन एकांगी आहे.

१९ सप्टेंबर १८१३ रोजी या दोघांनी रंगूनमध्ये पहिल्यांदा प्रभुभोजन घेतले. मंडळी दोघांचीच : नवरा आणि बायको. आमची श्रद्धा मिस्साबलीविषयी काय आहे ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही या विधीला तो अर्थ देऊ शकत नाही. तरी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ऐक्याविषयीचा जो आदेश काढला तो शिकलेल्या कोणाही धर्मगुरूला या नोंदीपाशी थांबावेसे वाटेल. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे रोममधून हाकलले जाऊन करिंथला तंबू शिवत बसलेले आपण पाहतो, आणि पौल त्यांच्याच घरी उतरतो. ख्रिस्तसभेच्या आरंभी असा एक संसार होता याचा आपल्याला विसर पडतो. विवाहाच्या तयारीच्या वर्गात आम्ही नाझरेथच्या कुटुंबाबरोबर यांचेही नाव घेतो.

आता ११ डिसेंबरची भेट. आमच्या मते या सहा महिन्यांचे शिखर हेच. रंगूनच्या सुभेदाराच्या पत्नीला भेटायला बाई एका फ्रेंच स्त्रीबरोबर गेल्या. हेतू त्यांनी सरळ सांगितला आहे : उद्या काही संकट आले तर दाद मागायला दार उघडे असावे. त्या पोहोचल्या तेव्हा मालकीण उठली नव्हती. खालच्या दर्जाच्या बायका भोवती जमल्या आणि यांचे हातमोजे, फिती, कपडे चाचपून पाहू लागल्या. मग ती आली, उंची वस्त्रे ल्यालेली, तोंडात लांब चांदीची नळी, धूर सोडीत. इतर बायका दूर सरून अंग चोरून बसल्या. तिने बाईंचा हात धरून त्यांना चटईवर आपल्याशेजारी बसवले. कोणीतरी फुले आणली, ती घेऊन तिने बाईंच्या टोपीत खोवली. मग चौकशा. नवरा आहे का? मुले आहेत का? तू त्याची पहिली बायको का? या देशात किती दिवस राहणार? एवढ्यात स्वतः सुभेदार आला, पायघोळ झगा, हातात प्रचंड भाला. बाई लिहितात की त्या थरथरल्या. त्याने मात्र सौम्यपणे विचारले, दारू घेणार का? निघताना मालकिणीने पुन्हा हात धरला, रोज येत जा म्हणाली, तू मला बहिणीसारखी आहेस म्हणाली.

किती गोष्टी आहेत येथे! भीती आहे, थोडा विनोद आहे, दोन स्त्रियांचे एकमेकींना जोखणे आहे. पण आमचे लक्ष एका जागी खिळते. मुले आहेत का, हा प्रश्न बाईंनी नोंदवला आहे. उत्तर नोंदवलेले नाही. जहाजावरच्या त्या बाळाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. तुटक्या ब्रह्मीत त्यांनी काय सांगितले असेल? सांगितले असेल का? टोपीत खोवलेल्या फुलांचा उल्लेख आहे, नळी चांदीची होती हे आहे, आणि मध्ये ही मोकळी जागा आहे. चरित्रकार असता तर त्याने येथे अश्रूंचा एक परिच्छेद घातला असता. बाईंनी पुढचा प्रश्न लिहिला आणि त्या पुढे गेल्या. घरी आई हे वाचणार होती. तिला ती जागा दिसली असेलच.

आणि हीच भेट पुढे तुरुंगाच्या काळात कामी आली, असे आम्ही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की १८२४ साली आव्यात अधिकाऱ्यांच्या बायकांच्या दारी जाऊन त्यांच्यापुढे बसावे कसे, बोलावे कसे, भेटवस्तू द्यावी कशी, हे बाईंना ठाऊक होते. ते एका दिवसात कोणाला येत नाही. चरित्रकारांनी पराक्रम म्हणून जो भाग वेगळा काढला त्याची उमेदवारी चटईवर बसून झाली होती.

बाईंच्या लेखनाला मर्यादा आहेत. पहिल्या पत्रांत देश दिसतो तो दलदल आणि झोपड्या यांपुरता. माणसे हळूहळू दिसू लागतात. बौद्ध धर्माविषयीचे त्यांचे निर्णय घाईचे आहेत. सनातन ईश्वराची कल्पना या लोकांना नाही, असे सांगताना त्यांना काय आहे हे ऐकायला त्या थांबत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना दुसरीही एक उणीव जाणवेल. लक्ष्मीबाईंनीही नवऱ्याच्या पाठोपाठ एका परक्या जगात पाऊल टाकले, समुद्र न ओलांडता. पण त्या स्वतःला हसतात, नवऱ्यालाही हसतात. जडसनबाईंनी ॲडोनायरम यांची एकही खोड सांगितलेली नाही. बारा बारा तास पोथीवर बसणाऱ्या माणसाबरोबर राहणे सोपे नसणार! ते आपल्याला कळू दिले गेले नाही.

हे सर्व आम्ही आताच का लिहीत आहोत? आमच्या धर्मग्रामांतून गेली तीसचाळीस वर्षे तरुण जोडपी आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये जात आहेत. आईवडील मिस्सा सुटल्यावर आम्हांला फोनवरची छायाचित्रे दाखवतात : बर्फ, मोटार, नाताळचा गोठा. सगळे छान आहे, असे मुलांनी कळवलेले असते. पहिल्या सहा महिन्यांविषयी कोणी लिहीत नाही, फोनवरही सांगत नाही. पुढे दोनतीन वर्षांनी, सुट्टीत घरी आल्यावर, कधी कधी बोलणे होते. नवरा रात्रपाळीला, बायकोच्या व्हिशावर कामाची परवानगी नाही, दुसऱ्या कुटुंबाबरोबर एकच स्वयंपाकघर, दिवसभर मराठी कानावर नाही, आणि पोटातले मूल गेले तेही आईला कळवलेले नाही. असे ऐकले आहे, एकापेक्षा अधिक घरांचे. आईवडिलांना काळजी नको म्हणून सांगितले नाही, असे ती मुले म्हणतात. आईवडील म्हणतात, आम्हांला कळले असते तर निदान प्रार्थना तरी केली असती. दोघांचेही खरे असते आणि मधल्या काळात संसाराला तडा गेलेला असतो.

आमच्या समाजाच्या साहित्याकडे पाहावे तर तेथेही हीच तऱ्हा. परदेशी राहणाऱ्या आपल्या लेखकांच्या कविता येतात, त्या आम्ही आवडीने वाचतो. त्यांत वाडी असते, विहीर असते, केळीची बाग, चर्चची घंटा, आजीचे लुगडे असते. परदेशातून येणाऱ्या कवितेत परदेश नसतो. तेथल्या शेजारणीने दार उघडले की नाही, पहिल्या दिवशी दुकानात शब्द न सापडल्यामुळे काय न घेता परत आलो, कोण हसले, आपण हसलो का, हे कोठेच नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका तेवीस वर्षांच्या मुलीला, देणगीदारांचे डोळे पाठीवर असताना, हे लिहिता आले.

या सहा महिन्यांच्या मजकुराचे मराठी भाषांतर व्हावे असे आम्हांला फार वाटते. चाळीसपन्नास पानांची पुस्तिका होईल, धर्मग्रामाच्या ग्रंथालयात आणि विवाहाच्या वर्गात ठेवता येईल. आपल्यातील एखाद्या परदेशी जाऊन आलेल्या शिक्षिकेने हे काम हाती घ्यावे. नोल्स यांच्या प्रस्तावनेची विशेषणे गाळली तरी चालतील. मिसेस केरींविषयी जे थोडे सापडते ते तळटीपेत द्यावे. आणि ११ डिसेंबरच्या भेटीत, मुले आहेत का या प्रश्नानंतर, भाषांतरकाराने आपल्या पदरचे एकही वाक्य घालू नये.